सहावे वर्ष

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. मिळालेली खुर्ची पुढारी सोडत नाही, एवढेच राजकारण मला ठाऊक होते. मधु लिमये यांचे चरित्र कळले आणि मी थबकलो.

जन्म पुण्याचा, १ मे १९२२. शिक्षण फर्ग्युसन कॉलेजात. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांचा बेदम मार खाल्ला, बारा वर्षांची शिक्षा झाली. सुटले १९५७ मध्ये. लोकसभेत मात्र त्यांना बिहारने पाठवले, १९६४ च्या पोटनिवडणुकीत मुंगेरने, पुढे बांका मतदारसंघाने. पुण्याच्या माणसाला! मला अजून नवल वाटते.

१९७६ साली आणीबाणीत ते तुरुंगात होते. लोकसभेची पाच वर्षे संपत आली, तेव्हा सरकारने तिची मुदत वर्षाने वाढवली. खासदारांना आयते वर्ष मिळाले, तेही कायद्याने. लिमयांनी तुरुंगातूनच राजीनामा धाडला. मतदारांनी पाच वर्षांसाठी निवडले, सहाव्यावर आपला हक्क कसला, हे त्यांचे साधे गणित. शरद यादव यांनीही तेच केले.

१९७७ मध्ये बांक्याने त्यांना पुन्हा निवडून दिले. जनता पक्ष सत्तेवर आला, तरी ते मंत्री झाले नाहीत. दुहेरी सदस्यत्वाचा वाद मात्र त्यांनी फार ताणला, असे मला वाटते. १९७९ मध्ये ते सरकार गेले.

८ जानेवारी १९९५ रोजी ते वारले. माजी खासदाराचे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही. हे मी आजीला सांगितले. सहीऐवजी अंगठा उठवणाऱ्या आजीने विचारले, मग खात काय होता तो? लेख लिहायचे, मी म्हणालो.