वाऱ्यांची पुजारीण आणि एक आर्किटेक्ट

होमरच्या ‘ओडिसी’त समुद्रदेव पोसायडन नायकाला वर्षानुवर्षं घरी पोचू देत नाही. एओलस वारे पिशवीत बांधून देतो, तर साथीदारच ती सोडतात! पण होमरच्या शतकानुशतकं आधी हे देव खरंच पुजले जात होते का? याचा पुरावा मिळाला मायकेल व्हेंट्रिसमुळे.

१९३६ साली, चौदाव्या वर्षी त्यानं क्रीटच्या न उलगडलेल्या लिपीबद्दल ऐकलं आणि वेडच लागलं. शिक्षण आर्किटेक्चरचं, महायुद्धात विमानातला नेव्हिगेटर. १९५२ साली त्यानं ‘लिनिअर बी’ उलगडली. भाषा निघाली ग्रीक! स्वतःचा जुना अंदाज चुकला, तो त्यानं सरळ सोडून दिला. मातीच्या पाट्यांवर पोसायडनचं नाव होतं, वाऱ्यांच्या पुजारिणीला दिलेल्या तेलाची नोंदही.

१९५६ साली मोटार अपघातात तो गेला. वय अवघं ३४.