परीक्षा झाल्या, सनद मात्र अडली

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकला झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली तेथील बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी मात्र मिळाली नाही. ते विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे.

मायदेशी येऊन त्यांनी १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. आणि १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. दोन्हींत यश आले, तरी स्त्री म्हणून सनद नाकारली गेली. बाई खचल्या नाहीत. १९०४ पासून बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या कामातून त्यांनी शेकडो पडदानशीन स्त्रियांना व पोरक्या मुलांना इस्टेटीच्या हक्कांसाठी आधार दिला. अखेर १९२१ साली अलाहाबादने त्यांना सनद दिली. स्त्रियांची ही अडवणूक देशभर थांबवणारा कायदा १९२३ साली झाला. पुढे त्यांनी कलकत्त्यात वकिली केली. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

१९६१ च्या वकील कायद्याचे कलम ३० हे १५ जून २०११ रोजी अमलात आले. आता एका राज्याच्या बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय परीक्षा असली, की देशातील कोणत्याही राज्यात वकिली करता येते. सीमाभागातील मुलींनी हे ध्यानात ठेवावे: कर्नाटकात सनद घेतली, तरी कोल्हापूरच्या कोर्टाचे दार बंद नाही.