मामा शत्रूला जाऊन मिळाला, भाचा मात्र लोकांना सोडून पळाला नाही : कार्कासोनच्या ट्रेंकाव्हेलची गोष्ट

दक्षिण फ्रान्समधलं कार्कासोन. दुहेरी तटबंदी, ५२ बुरूज आणि आत जुनं गाव. या नावाचा बोर्ड गेमही जगभर खेळला जातो. पण ज्या घराण्याने इथला किल्ला बांधला, त्याचं पुढे काय झालं?

घराण्याचं नाव ट्रेंकाव्हेल. रेमंड रॉजर ट्रेंकाव्हेल जन्मला ११८५ मध्ये. ११९४ मध्ये वडील वारले आणि ९ वर्षांचा पोरगा कार्कासोन, बेझिए आणि आल्बीचा व्हायकाउंट झाला, म्हणजे काउंटच्या खालोखालचा सरदार.

त्याच्या मुलखात कॅथार पंथाचे लोक राहायचे. चर्चच्या लेखी हे पाखंडी. रेमंड स्वतः कॅथलिक होता, पण त्याने या लोकांना हुसकावलं नाही. ज्यूही त्याच्या राज्यात सुखाने नांदत होते.

१२०८ मध्ये पोपच्या दूताचा खून झाला आणि पोप इनोसंट तिसऱ्याने धर्मयुद्ध पुकारलं. संशय होता तुलूझच्या काउंटवर, म्हणजे रेमंडच्या सख्ख्या मामावर. मामाने वारं ओळखलं. जाहीर प्रायश्चित्त घेतलं आणि थेट मोहिमेतच सामील झाला. आता फौजेचा मोर्चा वळला भाच्याकडे.

रेमंडनेही तडजोडीचा प्रयत्न केला, पण पोपच्या प्रतिनिधीने ऐकलं नाही. मग तो बेझिएच्या ज्यूंना सोबत घेऊन कार्कासोनला आला. २२ जुलै १२०९ ला बेझिए पडलं आणि तिथे सरसकट कत्तल झाली.

ऑगस्टमध्ये कार्कासोनला वेढा पडला. नदीची वाट तुटली, आत निर्वासितांची गर्दी, त्यात ऐन उन्हाळा. विहिरी आटत चालल्या. अरागॉनचा राजा मध्यस्थीला आला, पण अट अशी की रेमंडने मोजक्या साथीदारांसह निघून जावं, बाकीच्यांचं काय करायचं ते फौज ठरवेल. रेमंडने नकार दिला.

शेवटी १५ ऑगस्टला शहर शरण गेलं. लोकांना अंगावरच्या कपड्यानिशी घरंदारं सोडावी लागली, पण बेझिएसारखी कत्तल झाली नाही. बोलणी करायला गेलेला रेमंड मात्र कैद झाला. त्याची जहागीर सिमों द माँफोर या सरदाराला मिळाली.

१० नोव्हेंबर १२०९ ला रेमंड कैदेतच वारला. वय अवघं २४. कारण सांगितलं गेलं हगवण, पण घातपाताची कुजबुज तेव्हापासूनच सुरू झाली.

मागे राहिला लहानगा मुलगा. त्याने १२४० मध्ये शहर परत घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला. १२४७ मध्ये त्याने फ्रान्सच्या राजापुढे आपले हक्क सोडले आणि ट्रेंकाव्हेलांची सत्ता कायमची संपली.

बाहेरचा तट नंतर राजांनी बांधला. बुरुजांची टोकदार छपरं तर १९ व्या शतकातल्या डागडुजीतली. १९९७ मध्ये कार्कासोन जागतिक वारसा यादीत आलं. आत ट्रेंकाव्हेलांचा किल्ला आजही उभा आहे. आपल्याच राजधानीत कैदी म्हणून मेलेल्या रेमंडची ती खरी आठवण.