जेआरडी टाटा, जुहूची धावपट्टी आणि उतरताना वाचणारं इंधन

घाटकोपर किंवा कुर्ल्यात राहत असाल तर डोक्यावरून उतरणारी विमानं रोजचीच. फ्लाइट ट्रॅकिंगचं एखादं ॲप उघडून त्यातल्या एका विमानाच्या उंचीचा आलेख बघा. कधी तो घसरगुंडीसारखा सलग खाली येतो, कधी जिन्याच्या पायऱ्यांसारखा. या फरकात बरंच इंधन दडलंय. ते समजायला मुंबईत विमानसेवा सुरू करणाऱ्या माणसाची गोष्ट उपयोगी पडते.

जेआरडींचा जन्म 29 जुलै 1904 चा, पॅरिसचा. आई फ्रेंच, वडील पारशी. सुट्टीत फ्रान्सच्या किनाऱ्यावर राहायला गेल्यावर शेजारीच इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणाऱ्या ब्लेरिओचं घर. मुलाला विमानाचं वेड लागलं नसतं तरच नवल! 10 फेब्रुवारी 1929 ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला.

पुढे नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या वैमानिकाने टपाल विमानसेवेची कल्पना मांडली. सरकारने अनुदान दिलं नाही, म्हणजे पेट्रोलचा प्रत्येक डबा स्वतःच्या खिशातून. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी पस मॉथ नावाचं छोटं विमान आणि सुमारे 25 किलो टपाल घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला थांबले, तिथे पेट्रोल आलं बैलगाडीतून. दुपारी दोनच्या सुमारास ते जुहूला उतरले. रेडिओ नाही, रडार नाही. जुहूचं मैदानही असं की पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, मग सगळा कारभार पुण्याला हलवावा लागायचा.

आता जरा त्या काळचं उतरणं बघू. तेव्हाच्या छोट्या विमानांची पद्धत साधी होती: मैदान टप्प्यात आलं की इंजिन मंद करायचं आणि तरंगत खाली यायचं. पस मॉथ इतकं छान तरंगायचं की लवकर खालीच येईना! म्हणून त्याच्या चाकांच्या दांड्यांवरची आवरणं 90 अंशांत फिरवून हवेचा अडथळा वाढवायची सोय होती. थोडक्यात, हवेतला ब्रेक.

आजच्या जेटचं गणितही मुळात हेच. उंची म्हणजे साठवलेली ऊर्जा. ती मिळवायला इंधन आधीच जाळलेलं असतं, मग उतरताना ती फुकट का घालवायची? 36,000 फुटांवरचं विमान साधारण 200 किलोमीटर आधीपासून, इंजिन जवळपास मोकळं ठेवून, सलग खाली येऊ शकतं. शेवटचा टप्पा सुमारे तीन अंशांच्या उताराचा. यालाच कंटिन्युअस डिसेंट म्हणतात. पण मध्येच सपाट उडावं लागलं तर इंजिनाला पुन्हा जोर लावावा लागतो. तोही खालच्या दाट हवेत, आणि फ्लॅप बाहेर असतील तर आणखी जास्त. उलट खूप उंचावर अडकून पडलं तर एअरब्रेक उघडून ऊर्जा वाया घालवावी लागते. जेटचं एक किलो इंधन जळलं की सुमारे 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे एका लँडिंगमध्ये 100 किलो वाचलं तर 316 किलो धूर कमी. शिवाय खाली राहणाऱ्यांच्या कानांनाही थोडा आराम.

मग सगळेच असं का उतरत नाहीत? मुंबईचं दुखणं असं की दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच नीट वापरता येते. दिवसाला हजाराच्या आसपास विमानं तिच्यावर. रांग लावायची म्हटली की कंट्रोलर कुणाला सपाट उडवणार, कुणाला घिरट्या घालायला लावणार. सुरक्षित अंतर आधी, इंधन नंतर, आणि ते बरोबरच आहे. खरा उपाय म्हणजे विमानाने कधी पोहोचायचं ते खूप आधी ठरवणं, म्हणजे ते वरच, पातळ हवेत, वेग कमी करून येईल.

जेआरडींना ही गर्दी बघायला मिळाली, पण वेगळ्या खुर्चीतून. टाटा एअरलाइन्सची 1946 मध्ये एअर इंडिया झाली. 8 जून 1948 ला तिचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा ते आत होते. 1953 मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. त्यांना ते मान्य नव्हतं, तरी अध्यक्षपद सांभाळलं. प्रवासात पडद्यांपासून संडासापर्यंत सगळ्याच्या नोंदी करायचे. 1978 मध्ये सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केलं. पगार न घेता पंचवीस वर्षं केलेलं काम असं संपलं. माझ्या मते एअर इंडियाचं त्यात जास्त नुकसान झालं.

15 ऑक्टोबर 1982 ला, पहिल्या उड्डाणाला 50 वर्षं झाली त्या दिवशी, 78 वर्षांचे जेआरडी पुन्हा कराचीला गेले आणि लेपर्ड मॉथ हे जुनं छोटं विमान एकट्याने उडवत जुहूला आले. 1992 मध्ये भारतरत्न मिळालं. 29 नोव्हेंबर 1993 ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं. जुहूची धावपट्टी अजून आहे. आता तिथून मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात, बरीचशी समुद्रातल्या तेलविहिरींकडे.