औंधचा पदवीधर राजा

माझे आजोबा आटपाडीकडचे. १९७२ च्या दुष्काळात बिऱ्हाड घेऊन ते अंबरनाथला आले आणि कारखान्यात लागले. औंधच्या राजाचे नाव मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकले. पुढे आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांच्याविषयी वाचले, तेव्हा आजोबांच्या गोष्टी खऱ्या निघाल्या.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले. राजाच्या मुलाला पदवी कशाला हवी, असे मला आधी वाटले होते! १९०९ साली ते गादीवर आले. संस्थान अवघे ७२ गावांचे, आणि तेही सलग नाही. औंध एकीकडे, आटपाडी व कुंडल दुसरीकडे, तर गुणदाळ पार विजापूरकडे. त्यातून आटपाडीचा मुलूख पावसाला पारखा.

पण पैसा बेताचा असूनही राजाचा हात मोकळा होता. बेळगावातली जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या कामाला त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. ते स्वतः चित्रे काढीत, कीर्तन करीत. १९३८ साली औंधच्या टेकडीवर त्यांचे संग्रहालय झाले. तिथे रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे मायलेकराचे शिल्पही आहे. सूर्यनमस्काराचे तर त्यांना वेडच. शाळेतल्या पोरांची त्यातून सुटका नसे. सक्तीने घातलेल्या नमस्कारांची गोडी किती लागत असेल, अशी मला शंका आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र सत्तरीत घडली. चिरंजीव अप्पासाहेब आणि पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांना घेऊन, गांधीजींच्या सल्ल्याने, त्यांनी राज्यघटना करवली. २१ जानेवारी १९३९ रोजी राजाने आपली सत्ता आपल्या हाताने प्रजेला दिली. गावोगाव निवडून आलेल्या पंचायती कारभार पाहू लागल्या. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. तिच्यावरूनच १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला. इतरत्र संस्थानिक गादीला चिकटून बसले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कृतीचे मोल कळते.

तरी एक गोष्ट मनाला लागते. राजाने शाळा काढल्या, सत्ता दिली, पण माणदेशाला पाऊस काही देता आला नाही. आजोबा तिसरीतून उठले ते गुरे राखायला. आमच्या घरातून कॉलेजात येणारी मी पहिलीच.

१९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब वारले. आजोबांना आता वाकवत नाही. पण सकाळी चाळीच्या गॅलरीत ते उगवतीकडे तोंड करून उभे राहतात, हात जोडतात, आणि मगच चहा मागतात.