जॉर्ज वेस्टिंगहाऊस : विजेच्या भीतीशी झुंजलेला उद्योजक

रेल्वेगाड्या सुरक्षितपणे थांबविण्याचे साधन ज्यांनी जगाला दिले, त्यांच्याच नावाशी मृत्यूची धास्ती जोडण्याचा पद्धतशीर प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत झाला. ते होते संशोधक व उद्योजक जॉर्ज वेस्टिंगहाऊस.

त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सेंट्रल ब्रिज येथे झाला. वडिलांचा शेतीची यंत्रे बनविण्याचा कारखाना होता आणि तीच त्यांची खरी शाळा ठरली. अमेरिकी यादवी युद्धात त्यांनी संघराज्याच्या बाजूने सैन्यात आणि नौदलात सेवा केली. १८६९ मध्ये, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी, हवेच्या दाबावर चालणाऱ्या रेल्वे ब्रेकचे पेटंट त्यांना मिळाले. तोपर्यंत कामगारांना धावत्या गाडीच्या डब्यांवरून फिरत हातांनी ब्रेक आवळावे लागत आणि त्यात अनेकांचे प्राण जात. पुढे वेस्टिंगहाऊस यांनी केलेल्या सुधारणेमुळे नळीतील हवा निसटली तरी ब्रेक आपोआप लागू लागले.

१८८० च्या दशकात ते वीज व्यवसायाकडे वळले. थॉमस एडिसन यांनी १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एकदिश प्रवाहाचा, म्हणजे डी.सी. विजेचा पुरवठा सुरू केला होता. ही वीज केंद्रापासून सुमारे दीड किलोमीटरपलीकडे पोहोचविणे परवडत नसे, कारण तांब्याच्या जाड तारांचा खर्च फार होता. वेस्टिंगहाऊस यांनी प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे ए.सी. स्वीकारला. रोहित्राच्या साहाय्याने विजेचा दाब वाढवून ती बारीक तारांतून दूरवर न्यायची आणि घराजवळ दाब कमी करायचा, ही त्यातील सोय होती. १८८६ च्या अखेरीस बफेलो शहरात त्यांचा व्यावसायिक पुरवठा सुरूही झाला.

किमतीत मागे पडू लागलेल्या प्रतिस्पर्ध्याने मग भीतीचे हत्यार उपसले. फेब्रुवारी १८८८ मध्ये एडिसन यांच्या कंपनीने इशारा देणारी पुस्तिका काढली. जूनमध्ये वेस्टिंगहाऊस यांनी एडिसन यांना पत्र लिहून सलोख्याचा हात पुढे केला. तो नम्रपणे नाकारण्यात आला. त्याच महिन्यात हॅरॉल्ड ब्राऊन या विद्युत तंत्रज्ञाने वृत्तपत्रात पत्र लिहून ए.सी.वर ३०० व्होल्टची मर्यादा घालण्याची मागणी केली. मागणी लोकांच्या सुरक्षेसाठी असल्याचे सांगितले जात होते. मात्र ती मान्य झाली असती, तर ए.सी.चा लाभच संपला असता. जुलैमध्ये ब्राऊन यांनी प्रेक्षकांसमोर एका कुत्र्याला ए.सी.चा झटका देऊन ठार केले. डिसेंबरमध्ये एडिसन यांच्या प्रयोगशाळेत वासरे आणि एक घोडा यांच्यावर तोच प्रयोग झाला.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. उंचावरून जाणाऱ्या तारांचा धोका काल्पनिक नव्हता. ऑक्टोबर १८८९ मध्ये मॅनहॅटनच्या भरवस्तीत एक तारकामगार तारांच्या जाळ्यात अडकून सर्वांदेखत मरण पावला आणि शहर हादरले. मात्र सदोष तारांचा दोष ए.सी. पद्धतीच्या माथी मारणे, ही या प्रचाराची हातोटी होती. अर्धसत्य असल्यामुळेच तो लोकांना पटत गेला.

न्यूयॉर्क राज्याने मृत्युदंडासाठी वीज वापरण्याचा कायदा केला, तेव्हा वेस्टिंगहाऊस यांची जनित्रे वापरावीत, असा सल्ला एडिसन यांनी आधीच देऊन ठेवला होता. ती यंत्रे ब्राऊन यांनी परस्पर मिळविली. या मृत्युदंडाला वेस्टिंगहाऊस यांच्या नावावरूनच क्रियापद बनवावे, अशी सूचना एडिसन यांच्या एका वकिलाने केली होती. भाषेशी रोज व्यवहार करणाऱ्याला ही सूचना कुत्र्याच्या प्रयोगाहूनही अधिक अस्वस्थ करते.

ऑगस्ट १८८९ मध्ये एका वृत्तपत्राने ब्राऊन यांची पत्रे छापली. स्पर्धक कंपन्यांशी त्यांचे साटेलोटे होते, हे त्यातून उघड झाले. पहिल्या कैद्याच्या अपिलाचा खर्च वेस्टिंगहाऊस यांनीच केला, असे मानले जाते. तरीही ६ ऑगस्ट १८९० रोजी ऑबर्न तुरुंगात शिक्षा अमलात आली. पहिल्या झटक्याने कैदी मेला नाही, दुसरा द्यावा लागला.

टॉप्सी हत्तिणीला १९०३ मध्ये विजेने मारल्याची घटना अनेकदा याच संघर्षात जोडली जाते. तोवर हा वाद संपून बरीच वर्षे लोटली होती.

निर्णय अखेर बाजारात झाला. १८९२ मध्ये एडिसन यांची कंपनी विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक स्थापन झाली. नावातून एडिसन गेले आणि नवी कंपनी स्वतःच ए.सी.कडे वळली. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनाच्या रोषणाईचे कंत्राट वेस्टिंगहाऊस यांनी कमी दरात मिळविले. १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज बफेलोत पोहोचली, तीही त्यांच्याच जनित्रांतून.

१९०७ च्या आर्थिक संकटात त्यांचे कंपनीवरील नियंत्रण गेले. १९११ साठीचे एडिसन पदक अमेरिकी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने दिले ते वेस्टिंगहाऊस यांनाच, प्रत्यावर्ती प्रवाहाच्या कार्याबद्दल. १२ मार्च १९१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. माजी सैनिक म्हणून आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.