एका आजाराचं बारसं

एखाद्याला काय नाव पडतं, यावर लोक त्याच्याशी कसे वागणार हे बरंचसं ठरतं. होस्टेलवर राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. फर्स्ट इयरच्या पहिल्या आठवड्यात चिकटलेलं नाव डिग्री हातात आली तरी सुटत नाही. माणसांचं जे, तेच आजारांचं. मेंटल, स्क्रू ढिला, याला ठाण्याला नाहीतर येरवड्याला नेऊन सोडा... दिवसातून कितीदा हे आपण हसत हसत म्हणतो! आज ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे, त्यांनी अशाच एका आजाराचं जुनं नाव काढून टाकलं आणि नवं ठेवलं : स्किझोफ्रेनिया. नाव बदलल्याने आजार बरा झाला नाही. पण ते बदलावंसं का वाटलं, त्यातच या माणसाचं सगळं आयुष्य आलं. त्यांचं नाव डॉ. ऑयगेन ब्लॉयलर.

ब्लॉयलर यांचा जन्म ३० एप्रिल १८५७ चा, स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहराजवळच्या झोलिकोन गावातला. घर शेतकरी वळणाचं. झुरिक शहर आणि आसपासची खेडी यांचं नातं त्या काळी फारसं गोडीचं नव्हतं. खेड्यातल्या मुलांना शिक्षणाची आणि मोठ्या पदांची दारं उघडून फार वर्षं झाली नव्हती. झुरिकचं विद्यापीठ निघालं १८३३ साली आणि ते आपलं आहे असं गावकऱ्यांना वाटायचं. १८७० साली शहराच्या कडेला टेकडीवर बुर्गहोल्झ्ली नावाचं मोठं मनोरुग्णालय सुरू झालं. पण तिथले सुरुवातीचे प्रमुख डॉक्टर जर्मनीहून आलेले होते. ते पुस्तकी जर्मन बोलणार आणि रुग्ण बोलणार गावची बोली. आपल्याकडच्या अहिराणी बोलणाऱ्या आजीची केस-हिस्टरी डॉक्टरांनी इंग्रजीतून घ्यावी, तसाच प्रकार! ज्याचं बोलणं आधीच विस्कटलं आहे त्याची भाषाच डॉक्टरला कळत नसेल, तर तो बडबडतोय असं ठरवणं फार सोपं जातं.

हे दुखणं ब्लॉयलर यांच्या घरातलंच होतं. त्यांची बहीण आना पाउलीना तरुणपणीच मनाच्या गंभीर आजाराने ग्रासली आणि तिला याच रुग्णालयात ठेवावं लागलं. आपल्या माणसाशी आपल्या भाषेत बोलणारा डॉक्टर हवा, ही गावाची तक्रार त्यांनी घरातच अनुभवली. ते झुरिकला मेडिकलला गेले, १८८१ मध्ये डॉक्टर झाले आणि पॅरिस, लंडन, म्युनिक इथे जाऊन त्या काळातलं मेंदूचं आणि मनाचं शास्त्र शिकून आले.

१८८६ साली, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, त्यांना राइनाउच्या रुग्णालयाचं प्रमुखपद मिळालं. राइनाउ म्हणजे ऱ्हाइन नदीतल्या बेटावरचा जुना मठ. ज्यांच्या सुधारण्याची आशा सोडून दिली आहे अशा शेकडो रुग्णांना तिथे आणून ठेवलेलं. करिअरच्या दृष्टीने बघितलं तर हे साइड पोस्टिंगच. दुसरा कोणी असता तर दोन वर्षांत बदलीसाठी धडपडला असता. ब्लॉयलर तिथे १२ वर्षं राहिले. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे चोवीस तास रुग्णांमध्येच. त्यांच्याबरोबर कामं करायची, फिरायला जायचं, त्यांची नाटुकली बसवायची. आणि हे सगळं चालू असताना वहीत टिपणं काढायची. कोण काय बोललं, कधी बोललं, त्याच्या कालच्या बोलण्याशी आजच्याचा काय संबंध लागतो...

तिथेच टायफॉइडची साथ आली. सेवेला माणसं अपुरी पडू लागली तेव्हा ब्लॉयलर यांनी काही रुग्णांनाच शुश्रूषेला लावलं. वर्षानुवर्षं कामातून गेलेले म्हणून धरलेल्या या लोकांनी ती जबाबदारी नीट पार पाडली. साथ ओसरल्यावर त्यातले बरेचसे पुन्हा पहिल्यासारखे झाले, हेही खरं. पण ब्लॉयलर यांना जे दिसायचं ते दिसलं. आत माणूस शाबूत आहे. त्याच्यापर्यंत पोचायची वाट तेवढी आपल्याला सापडलेली नाही.

१८९८ मध्ये ते बुर्गहोल्झ्लीचे संचालक आणि झुरिक विद्यापीठात प्राध्यापक झाले. ज्या संस्थेबद्दल गावाची तक्रार होती, तिच्याच खुर्चीवर गावचा मुलगा बसला. आई-वडिलांच्या पश्चात बहिणीला त्यांनी स्वतःच्या घरी आणलं आणि ती अखेरपर्यंत त्यांच्याच घरात राहिली. घर रुग्णालयाच्या आवारातच होतं. १९०१ मध्ये त्यांचं हेडविग वाझर या विदुषीशी लग्न झालं, मुलंबाळं झाली. या मुलांची आजारी आत्या त्यांच्या डोळ्यांसमोरच वावरत असे.

प्रमुख म्हणून साहेब कडक होते! ज्युनियर डॉक्टरांनी आवारातच राहायचं, रोज राउंड घ्यायचे, रुग्णाचं बोलणं जसंच्या तसं उतरवायचं आणि दारूला स्पर्श करायचा नाही. आपल्या रेक्टर सरांची आठवण झाली ना? या कडक शाळेतून जे बाहेर पडले त्यांची नावं बघा. कार्ल युंग इथे १९०० मध्ये असिस्टंट म्हणून आले. शाईच्या डागांची चाचणी काढणाऱ्या हेर्मान रोरशाख यांनी डॉक्टरेटचं काम ब्लॉयलर यांच्याच हाताखाली केलं.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. त्या काळी या आजाराला नाव होतं डिमेन्शिया प्रिकॉक्स, म्हणजे अकाली आलेला बुद्धिभ्रंश. जर्मनीतले एमिल क्रेपेलिन या क्षेत्रातले सर्वांत मोठे. प्रत्येक रुग्णाचं कार्ड बनवून वर्षानुवर्षं त्याचा मागोवा घ्यायचा, ही त्यांची पद्धत. आजार आज कसा दिसतो यापेक्षा पुढे काय वळण घेतो यावरून तो ओळखावा, हा त्यांचा विचार क्रांतिकारक होता. त्यातूनच १८९९ च्या सुमारास त्यांनी हा आजार आणि उन्माद-नैराश्याचा आजार हे दोन वेगळे केले. काही रुग्ण सुधारतात हे त्यांनाही दिसलं होतं. पण त्यांनी रूढ केलेल्या नावातच निकाल लिहिलेला होता. मुलाला डिमेन्शिया प्रिकॉक्स झालाय असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांनी समजायचं, संपलं सगळं. परीक्षेला बसायच्या आधीच नापासाचा शिक्का!

ब्लॉयलर यांनी बुर्गहोल्झ्लीतल्या ६४७ रुग्णांचा हिशोब मांडला. बुद्धिभ्रंश सगळ्यांना होत नव्हता आणि आजार नेहमी अकाली, म्हणजे कोवळ्या वयातच, येतो असंही नव्हतं. निम्म्याहून अधिक रुग्ण बाहेर जाऊन पोटापाण्याचं काम करू शकत होते. म्हणजे नावातले दोन्ही शब्द चुकीचे! २४ एप्रिल १९०८ रोजी बर्लिनमध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी नवा शब्द मांडला. ग्रीक भाषेतल्या दुभंगणे आणि मन या अर्थांच्या शब्दांपासून बनलेला. १९११ मध्ये त्यावर त्यांचा ग्रंथ आला. त्याच्या नावातच त्यांनी आजारांचा गट असं अनेकवचन घातलं, कारण हा एकच आजार आहे याची त्यांना खात्री वाटत नव्हती.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दुभंगलेलं मन म्हणजे एका माणसात दोन माणसं नव्हेत. सिनेमावाल्यांनी तो घोळ घालून ठेवलाय. ब्लॉयलर यांना म्हणायचं होतं की विचार, भावना आणि इच्छा यांना जोडणारे धागे सुटतात. वायरिंग ठिकठाक दिसतं, पण जॉइंट सैल झाले की सिग्नल भलतीकडेच जातो, तसं काहीसं. मराठीतला छिन्नमनस्कता हा शब्द याच अर्थाचा. भास आणि संशय हे वर दिसणारे परिणाम आहेत आणि त्यांतही त्या माणसाच्या आयुष्याशी जोडलेला अर्थ असू शकतो, असं ते म्हणत.

उपचार म्हणून त्यांच्या हातात औषध कुठलंच नव्हतं. होतं ते काम, सोबत, बोलणं आणि शक्य तितक्या लवकर घरी पाठवणं. प्रकृती अजून ठीक नसलेल्या काही रुग्णांनाही ते घरी सोडत, आणि त्यातले काही घरी जाऊन चक्क सुधारत.

म्हणून ब्लॉयलर यांना देवपण द्यायचं का? नाही. आनुवंशिकतेच्या त्या काळच्या कल्पनांनी तेही भारलेले होते. गंभीर मनोरुग्णांची नसबंदी करावी, असं त्यांनी लिहिलं आणि त्यांच्या कारकिर्दीत झुरिकमध्ये तशा शस्त्रक्रिया झाल्याही. ज्याने रुग्णात माणूस पाहिला, त्यानेच त्या माणसाचा इतका मोठा हक्क नाकारावा, हे पचायला जड आहे. पण चरित्र लिहायचं तर ते गाळून चालणार नाही.

दुसरी मर्यादा शास्त्रातली. रुग्ण सुधारतो, पण संपूर्ण पूर्ववत होत नाही, असं त्यांचं मत होतं. १९२७ मध्ये ते निवृत्त झाले आणि १५ जुलै १९३९ रोजी झोलिकोनलाच वारले. हे मत खोडून काढलं ते कोणी? त्यांच्याच मुलाने! मानफ्रेड ब्लॉयलर १९४२ ते १९६९ बुर्गहोल्झ्लीचे संचालक होते. १९४२-४३ मध्ये दाखल झालेल्या २०८ रुग्णांशी त्यांनी २० वर्षांहून अधिक काळ, किंवा रुग्णाच्या मृत्यूपर्यंत, संबंध ठेवला. १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे पाच वर्षांनंतर आजार सरासरीने आणखी खालावत नाही, उलट सुधारणेकडे झुकतो. काही जण पूर्ण बरे होतात. आत्याला घरात पाहत वाढलेल्या मुलाने वडिलांचं काम पुढे नेलं आणि दुरुस्तही केलं.

मग इतकी वर्षं डॉक्टरांना हे दिसलं कसं नाही? एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करणाऱ्याला वाटेल की महाराष्ट्रातली प्रत्येक बस बिघडलेली आहे. कारण धडधाकट बस त्याच्याकडे येतच नाही! रुग्णालयाचंही तसंच. बरा झालेला घरी जातो, न सुधारलेला वॉर्डात राहतो आणि सँपल चुकतं. ज्यांनी घरोघर जाऊन वर्षानुवर्षं पाठपुरावा केला त्यांना वेगळं चित्र दिसलं. अमेरिकेत व्हरमाँटच्या सरकारी रुग्णालयातल्या दीर्घकाळच्या २६९ रुग्णांचा सरासरी ३२ वर्षांनी शोध घेतला, तेव्हा निम्मे ते दोन तृतीयांश बरेच सुधारलेले किंवा बरे झालेले आढळले (१९८७). जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकात नऊ देशांत सुरू केलेल्या अभ्यासात आपलं आग्रा होतं आणि तिथल्या रुग्णांची वाटचाल अनेक श्रीमंत देशांपेक्षा बरी निघाली. का, यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात.

१९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा उपयोग दिसला आणि औषधांचं युग सुरू झालं. आज उपचार लवकर सुरू झाले तर फरक पडतो आणि औषध स्वतःच्या मनाने बंद केलं तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तीनांतला किमान एक रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. सगळे होत नाहीत, हेही मान्य करायला हवं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) पाहिला असेल तर घरच्यांची ओढाताण काय असते ते वेगळं सांगायला नको.

मित्रांनो, हा आजार बहुतेकदा सुरू होतो तो विशीच्या आगेमागे, म्हणजे नेमका आपल्या वयात. एखादा पार्टनर मेसला यायचा बंद होतो, रात्र रात्र जागतो, भिंतीपलीकडे कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय म्हणतो, सबमिशन सोडून देतो. असं वागण्यामागे दुसरी कारणंही असू शकतात. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. आपलं काम एवढंच, की त्याला नाव न ठेवता त्याच्या खोलीत जाऊन बसायचं, रेक्टर सरांना आणि त्याच्या घरी कळवायचं, त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जायचं. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. ब्लॉयलर राइनाउला पोचले तेव्हा त्यांच्याकडे एकही गोळी नव्हती. रुग्णाची बोली येत होती आणि त्याच्याजवळ बसायची तयारी होती. इतकं तर आपल्याला आजच्या आज जमण्यासारखं आहे!